मैदा नाही, साखर नाही: सुट्टीतल्या नानकटाईचा घाणा

दिवाळीत किंवा नाताळात घर भरलं की बिस्किटं करायची टूम निघते, आणि पाठोपाठ कोणीतरी म्हणतं, "पण बाबांना शुगर आहे, त्यांच्यासाठी नाचणीची करू या, गूळ घालून." हेतू चांगला, हिशेब चुकलेला. नाचणी, ज्वारी, बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात ६० ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, मैद्यात पंचाहत्तरच्या आसपास. धान्यांत चोथा आणि खनिजं जास्त असतात हे खरं, पण बिस्किटापुरता फरक फारसा पडत नाही. गूळ, मध, खजूर ही शेवटी साखरच. बेसनातही निम्म्याच्या वर कर्बोदकं असतात, आणि काजूत बदामाच्या अडीच पट.

कर्बोदकं खरोखर कमी करायची तर पीठ धान्याचं नको, तेलबियांचं हवं. न पचणारा चोथा वजा केला तर १०० ग्रॅम बदामात जेमतेम १० ग्रॅम कर्बोदकं उरतात, शेंगदाण्यात ८-९, सुक्या खोबऱ्यात सातेक. पुढच्या तिन्ही कृती या तीन जिनसांवर उभ्या आहेत.

सुरू करण्याआधी एक हिशेब बघून ठेवा. मैदा-साखरेच्या १७ ग्रॅमच्या नानकटाईत सुमारे १० ग्रॅम कर्बोदकं असतात, बदामाच्या तेवढ्याच नानकटाईत एक ग्रॅम. उष्मांक मात्र दोन्हीत ८५ ते ९०, म्हणजे जवळपास सारखेच. रक्तातली साखर उसळत नाही हा फायदा खरा आहे, "कितीही खा" ही समजूत खोटी. वजनासाठी म्हणून ही बिस्किटं करत असाल तर डबा लहान घ्या.

बदामाचं पीठ

विकतचं घ्यायचं तर सालं काढलेल्या बदामांचं, फिकट पिवळसर रंगाचं घ्या. तपकिरी ठिपके दिसले तर ते सालासकट दळलेलं असतं. चवीला वाईट नाही, पण बिस्किट भरड होतं आणि कडेने तुटतं. पाकीट फोडल्यावर आधी वास घ्या. खवट वास तुपा-वेलचीने झाकत नाही. तेल काढून घेतलेल्या बदामाचं पीठही मिळतं. ते ओलावा फार ओढतं, त्यामुळे खालची मापं त्याला लागू पडणार नाहीत.

घरी करायचं असेल तर ते आदल्या दिवशीचं काम आहे आणि मुलांच्या सगळ्यात आवडीचं. साधे कॅलिफोर्निया बदाम २५० ग्रॅम घ्या, महागडे मामरा इथे वाया जातात. उकळत्या पाण्यात दीड ते दोन मिनिटं ठेवा, चाळणीत ओतून गार पाणी घाला आणि परात मध्ये ठेवून सगळ्यांना भोवती बसवा. बदाम चिमटीत धरून दाबला की सालातून सटकन उडतो, म्हणून दुसरा हात समोर आडवा धरायचा. सोललेले बदाम पंचावर पसरून रात्रभर पंख्याखाली, सकाळी ओटीजीत (घरगुती विजेच्या भट्टीत) ८० अंशांवर २०-२५ मिनिटं, आणि मग पूर्ण गार. यात घाई केली तर ओलसर बदामाचा मिक्सरमध्ये गोळा होतो.

दळताना एका वेळी १०० ग्रॅमच घ्या. त्याआधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवले तर उत्तम. मिक्सर सलग चालवायचा नाही, दोन-दोन सेकंदांचे झटके द्यायचे आणि मधे चमच्याने खालचं वर करायचं. पाचेक सेकंद जास्त झाले की बदाम तेल सोडतो आणि भांड्याच्या तळाशी लगदा बसतो. तसं झालं तर तो पोळीला लावून खा, बिस्किटात घालू नका. पीठ रव्याच्या चाळणीतून चाळा, वर राहिलेली भरड पुन्हा फिरवा.

गोडवा कशाचा

साखर बिस्किटात नुसती गोडी आणत नाही. ती बिस्किट पसरवते, रंग आणते, गार झाल्यावर कुरकुरीतपणा देते. स्टीव्हियाचे चार थेंब गोडी आणतील, बाकीची कामं करणार नाहीत, आणि जास्त झाले तर जिभेवर कडवटपणा रेंगाळेल. म्हणून इथे एरिथ्रिटॉल वापरलं आहे. ते साखरेसारखंच दाणेदार दिसतं, गोडी साखरेच्या ७० टक्क्यांच्या आसपास, आणि रक्तातली साखर वाढवत नाही. मंकफ्रूट (एक गोड फळ) या नावाने मिळणारी बरीच पाकिटं म्हणजे मुळात एरिथ्रिटॉलच असतं, वर मंकफ्रूटचा थोडा अर्क. तीही चालतील.

एरिथ्रिटॉल नेहमी दळून, पिठीसाखरेइतकं बारीक करून घ्या. अख्खे दाणे तुपात विरघळत नाहीत आणि बिस्किट खाताना वाळू चावल्यासारखं वाटतं. दळून झाल्यावर मिक्सरचं झाकण मिनिटभर उघडू नका, नाहीतर बारीक धूळ उडून सगळे खोकत बसतील. ते तोंडात विरघळताना पुदिन्यासारखा गारवा वाटतो. वेलची, जायफळ, सुंठ असली की तो फारसा कळत नाही. नुसत्या व्हॅनिलात मात्र चांगलाच जाणवतो, म्हणून पहिल्या खेपेला मसाल्याचीच बिस्किटं करा.

दुकानात "शुगर फ्री" लिहिलेलं सगळं सारखं नसतं. माल्टिटॉल रक्तातली साखर बऱ्यापैकी वाढवतं. सुक्रालोजच्या काही पुडींत भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे पुन्हा कर्बोदकंच. अस्पार्टेमची गोडी भट्टीच्या उष्णतेत उतरते. झायलिटॉल चवीला सर्वांत साखरेजवळचं, पण कुत्र्याला जीवघेणं. घरात कुत्रा असेल तर ते आणूच नका.

एरिथ्रिटॉलही बेताने खायची गोष्ट आहे. एका बैठकीला जास्त झालं तर पोट फुगतं, जुलाब होतात, आणि लहान मुलांना ते लवकर होतं. २०२३ साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्या लोकांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळलं. त्यातून एरिथ्रिटॉल हेच कारण आहे असं सिद्ध झालेलं नाही, पण हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं. सणाची दोन बिस्किटं वेगळी, रोजच्या चहात चमचा-चमचा वेगळं.

मुलांना मुळात लो-कार्बची, म्हणजे कमी कर्बोदकांच्या खाण्याची, गरज नसते. त्यांच्यासाठी खालच्या बदाम-वेलची नानकटाईत एरिथ्रिटॉलऐवजी ४५ ग्रॅम पिठीसाखर घातली तरी छान होतात. फक्त ती जास्त पसरतात आणि लवकर लाल होतात, म्हणून भट्टीत दोन मिनिटं कमी ठेवा. साखरेची सगळी चांदणीच्या आकाराची आणि बिनसाखरेची गोल, असं आधीच ठरवून टाका. डब्यात गेल्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

बदाम-वेलची नानकटाई (२० नग)

बदामाचं पीठ २०० ग्रॅम, दळलेलं एरिथ्रिटॉल ६० ग्रॅम, साजूक तूप ५५ ग्रॅम, एका अंड्याचा पिवळा बलक, वेलचीपूड अर्धा टीस्पून, जायफळ चिमूटभर, मीठ पाव टीस्पून, बेकिंग पावडर पाव टीस्पून. वर लावायला पिस्त्याचे काप किंवा चारोळी. पीठ आणि तूप वाटीने मोजू नका. बदामाचं पीठ वाटीत दाबून भरलं की सैल भरलं यावर दहा-पंधरा ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात, आणि या कृतीत तेवढ्याने घाणा बिघडतो. वजनकाटा आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातात द्या. आकडा जुळवण्यात मुलं मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात.

तूप रवाळ, बोटाने दाबलं तर दबेल इतपत मऊ हवं, पातळ केलेलं नको. त्यात एरिथ्रिटॉल घालून ३-४ मिनिटं पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसा. बलक घालून पुन्हा अर्धा मिनिट. बाकीचं कोरडं सगळं एकत्र चाळून त्यात मिसळा आणि गोळा करा. तुपाचं प्रमाण नेहमीच्या नानकटाईपेक्षा कमी वाटेल, पण बदामात निम्मं तेलच असतं. सवयीने "अजून चमचाभर तूप" घालणाऱ्या आजीला इथे हात जोडून थांबवायचं.

अंडं नको असेल तर जवसाची पूड दोन टीस्पून, दीड टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं भिजवून बलकाऐवजी घाला. रंग जरा काळसर येतो.

आता गोळा झाकून फ्रीजमध्ये, कमीत कमी ४० मिनिटं. हे टाळता येत नाही. मैद्यातलं ग्लुटेन बिस्किटाचा आकार धरून ठेवतं. बदामात ते नाही, त्यामुळे भट्टीत पहिली काही मिनिटं आकार फक्त गोठलेल्या तुपाच्या भरवशावर टिकतो. मऊ गोळा तसाच भट्टीत गेला तर तूप आधी वितळतं, पीठ नंतर धरतं, आणि वीस नानकटायांची एक चपटी चादर होते.

ग्लुटेन नसण्याचा एक फायदाही आहे. मैद्याचं पीठ पोरांनी चारदा मळलं की बिस्किट चिवट होतं, हे कितीही वेळा लाटा, मोडा, पुन्हा लाटा, चिवट होत नाही. साच्यातून उरलेले तुकडे न घाबरता पुन्हा गोळा करू द्या. एवढंच बघा की हाताच्या उबेने गोळा तेलकट, चकचकीत दिसायला लागला की खेळ थांबवून दहा मिनिटं फ्रीज.

गोल करायची तर १७-१७ ग्रॅमचे गोळे वळून तळहाताने सेंटीमीटरभर जाडीचे चपटे करा. साच्याने कापायची तर दोन कागदांच्या मध्ये ६-७ मिलिमीटर जाड लाटा, लाटलेली पोळी कागदासकट १० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग कापा. पणतीचे, चांदणीचे आकार कडा न मोडता सुटतात. हरणाची शिंगं, झाडाच्या बारीक फांद्या असले नाजूक साचे मैद्यासाठी ठेवा. कागद बेकिंगचा हवा. "बटर पेपर" म्हणून जे विकतात त्यातला काही मेणाचा असतो आणि तो भट्टीत धुरकटतो, तेव्हा घेताना विचारून घ्या.

ओटीजी वरची-खालची दोन्ही कांडी लावून १५० अंशांवर दहा मिनिटं तापवा. ट्रे मधल्या खणात. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर १४० ठेवा, कारण आतला पंखा वरून लवकर भाजतो. सगळा ट्रे लावण्याआधी एकच नानकटाई भाजून बघा. जास्त पसरली तर गोळा अजून गार करा किंवा त्यात टेबलस्पूनभर पीठ घाला, भुसभुशीत फुटली तर टीस्पूनभर तूप. ही पंधरा मिनिटं वाया जात नाहीत.

भाजायला १३ ते १६ मिनिटं लागतात. रंगाची वाट बघत बसू नका. एरिथ्रिटॉल साखरेसारखं लाल होत नाही, त्यामुळे वरचा भाग शेवटपर्यंत फिकटच राहतो. कडा हलक्या सोनेरी झाल्या आणि भाजल्या बदामाचा वास घरभर आला की बाहेर काढायची. वरून लाल होईपर्यंत ठेवली तर तळ करपलेला निघतो. नेहमीच्या नानकटाईवर पडतात तशा भेगा इथे फारशा पडत नाहीत, त्यासाठी बेकिंग पावडर वाढवू नका.

बाहेर काढल्यावर त्या मऊ असतात, बोटाचा ठसा उठेल इतक्या. अनेक जण इथेच "कच्च्या राहिल्या" म्हणून पुन्हा आत ढकलतात. ट्रेवरच २० मिनिटं हात न लावता ठेवा, मग जाळीवर अर्धा तास. तूप आणि एरिथ्रिटॉल गार होऊन घट्ट झाल्यावरच नानकटाई खुसखुशीत होते. घरातल्या सगळ्यात चुळबुळ्या माणसाला हा ट्रे राखायला बसवू नये.

ओटीजी नसेल तर जाड बुडाची कढई, तळाला मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग थाळी ठेवून मंद आचेवर १८-२० मिनिटं. इथे उष्णता खालूनच येते, म्हणून थाळीखाली दुसरी थाळी पालथी ठेवली की तळ वाचतो.

उरलेल्या पांढऱ्यातून खोबऱ्याची बिस्किटं

बलक नानकटाईत गेला, पांढरं उरलं. त्यात ७० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, २५ ग्रॅम दळलेलं एरिथ्रिटॉल, चिमूटभर मीठ आणि अर्ध्या लिंबाची किसलेली साल घालायची. पांढरं फुगवायचं नाही, काट्याने फेस येईपर्यंतच फेटायचं. दहा मिनिटं मुरू द्या, खोबरं ओलावा पिऊन घेतं. मग ओल्या हाताने दहा लहान गोळे, काट्याने दाबून उभ्या-आडव्या रेघा. ही खूण गोव्याच्या नाताळातल्या बोलिन्हासची. बोलिन्हासमध्ये रवा आणि साखर असते, त्यामुळे चवीत तुलना करू नये, पण ताटात शोभतात. चार-पाच वर्षांच्या मुलांना रेघांचं काम जमतं. १५० अंशांवर १५-१८ मिनिटं, टोकं सोनेरी होईपर्यंत. एका बिस्किटात कर्बोदकं अर्धा ग्रॅम.

करंजीसाठी किसलेलं खोबरं उरलं असेल तर तेही चालेल, पण ते पाकिटातल्यापेक्षा तेलकट असतं. आधी कोरडंच मिनिटभर गरम करून, गार करून घ्या. ओला नारळ नको. आतून गिच्च राहतात आणि दुसऱ्या दिवशी वास येतो.

शेंगदाण्याची, बदाम परवडत नसतील तर

२५० ग्रॅम भाजून सोललेले शेंगदाणे तेल सुटून सरसरीत होईपर्यंत मिक्सरमध्ये फिरवा (इथे तेल सुटायलाच हवं), त्यात एक अख्खं अंडं, ८० ग्रॅम दळलेलं एरिथ्रिटॉल, पाव टीस्पून मीठ, अर्धा टीस्पून सुंठ. पिठाची गरज नाही, अंडं बांधून धरतं. पंधरा ग्रॅमचे गोळे तिळात घोळवून चपटे करा, १६० अंशांवर ११-१२ मिनिटं. सुमारे २४ होतात, प्रत्येकी कर्बोदकं एक ग्रॅमच्या आत-बाहेर. तिळामुळे संक्रांतीलाही खपतात.

शेंगदाणे, बदाम दोन्हींची ॲलर्जी असलेलं कोणी घरी येणार असेल तर सूर्यफुलाच्या बियांचं पीठ बदामाच्या पिठाइतकंच घेऊन नानकटाई करता येते. बेकिंग पावडरशी प्रतिक्रिया होऊन बिस्किटं आतून हिरवी पडू शकतात. खायला काही अपाय नाही. टीस्पूनभर लिंबाचा रस घातला की रंग बराच आटोक्यात राहतो. भांडी, मिक्सर, ट्रे मात्र आधी नीट धुऊन, आणि हा घाणा सगळ्यांच्या आधी.

कुठे बिघडतं

उचलताना भुगा होतो: नव्वद टक्के वेळा गरम असताना उचललेली असते. गार झाल्यावरही तुटत असेल तर पीठ भरड आहे, किंवा लाटी पातळ झाली. ट्रेवर तूप साचलं: पीठ जास्त दळलं गेलं किंवा गोळा उबेला राहिला. तळ काळा, वर कच्चं: ट्रे खालच्या खणात होता, किंवा काळा पातळ ट्रे आहे. त्याखाली दुसरा ट्रे जोडा. ओटीजीच्या चकतीवरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बऱ्याचदा २० अंशांचा फरक असतो, आत ठेवायचा साधा तापमापक घेतला तर हे कोडं सुटतं. दोन दिवसांनी वाळूसारखं लागतं: एरिथ्रिटॉल जाड राहिलं होतं आणि पुन्हा त्याचे खडे धरले.

सजावटीत बहुतेक सगळी मेहनत पाण्यात जाते, कारण रंगीत गोळ्या आणि चांदीच्या साखरमण्यांत साखरच असते. त्याऐवजी दळलेलं एरिथ्रिटॉल ६० ग्रॅम आणि लिंबाचा रस दोन टीस्पून घोटून घ्या. रस थेंबाथेंबाने घाला, कारण ते एकदम पातळ होतं. बिस्किट पूर्ण गार झाल्यावर लावा, वर केशर, पिस्ता, भोपळ्याच्या बिया. तासाभरात पांढरं, कोरडं धरतं.

शुगरसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असलेल्यांनी ही बिस्किटं जेवणाऐवजी खाऊ नयेत. कर्बोदकं अचानक कमी झाली आणि औषधाचा डोस तोच राहिला तर साखर खाली जाऊ शकते. चहाबरोबर दोन, जेवण नेहमीचं.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरली की झाकणाला पाणी धरतं आणि सकाळी सगळी मऊ. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहतात, मुंबई-कोकणच्या दमट हवेत चार दिवस धरा. मऊ पडली तर १२० अंशांवर ६-७ मिनिटं भाजून पुन्हा गार करा. पाहुणे नंतर येणार असतील तर भाजलेली साठवण्यापेक्षा कच्चे गोळे वळून फ्रीजरमध्ये ठेवणं बरं, महिनाभर टिकतात. बाहेर काढून दहा मिनिटांनी चपटे करा आणि नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त भाजा.